हुकमाची वाट पाहणारी किल्ली

तळहातावर ठेवलंत तर दोन्ही बाजूंनी बाहेर येईन एवढी लांब, डोक्याशी पिंपळपानासारखी कडी असलेली, अशी मी एक जुनी किल्ली आहे. मित्रांनो, मला नाकाशी न्याल तर लोखंडाचा वास येणार नाही. खोबरेल तेलाचा, ओव्याच्या धुरीचा आणि तान्ह्या बाळाच्या टाळूचा वास येईल. किल्ल्याच्या किल्लीला बाळाचा वास कुठून आला, तीच माझी गोष्ट.

सांगोल्याकडच्या माळावर एक भुईकोट किल्ला आहे. डोंगर नाही, कडा नाही. सपाट रानात चार बुरूज, बुजत आलेला खंदक आणि मोठ्या दरवाजाच्या आत पहारेकऱ्यांची ओसरी. तिला देवडी म्हणतात. त्या किल्ल्यात एक कोठडी होती. मोलाच्या वस्तू तिच्यात ठेवत. तिच्यासाठी कुलूप हवं म्हणून मैंदर्गीकडचा एक लोहार बोलावला. तो अर्धं कानडी बोलायचा, अर्धं मराठी, आणि घण मारताना दोन्ही विसरायचा. त्याने लोखंडाचा एकच तुकडा तापवला. त्यातला मोठा भाग कुलपाला गेला आणि उरलेल्यातून मी झाले. म्हणून त्या कुलपाला मी दादा म्हणते.

लोहार बेरकी होता. दादाच्या पोटात त्याने एक गोल गोळी सोडून दिली. गुंडू म्हणायचा तो तिला. कुलूप लटकतं असलं की गुंडू घरंगळून नेमका माझ्या वाटेत येऊन बसायचा. मग किल्ली खरी असली तरी काय उपयोग? कोठडीच्या दाराची साखळी खाली उंबऱ्याजवळच्या कोयंड्यात अडकवलेली असे, आणि तिथे दादा. ज्याला उघडायचं त्याने आधी उंबऱ्यावर बैठक मारायची, दादाला मांडीवर पालथं घ्यायचं, पाठीवर तीन थापा मारायच्या. गुंडू आपल्या खोबणीत जाऊन पडायचा आणि मला वाट मोकळी व्हायची. ही खूण लोहाराने फक्त देवडीच्या राखणदाराच्या कानात सांगितली. राखणदाराने आपल्या मुलाला, त्याने त्याच्या मुलाला. कागदावर ती कधीच चढली नाही. हातातून हातात गेली.

अशा किती हातांतून मी फिरले! दरवर्षी खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आम्हा दोघांना तेल लावून न्हाऊ घालत, हळदीकुंकू वाहत. दसऱ्याला मी कोठडी उघडायची आणि आतून किल्ल्याचा नगारा बाहेर यायचा. तांब्याचा, दोन माणसांना न उचलणारा. त्याच्यावर टिपरू पडलं की माळावरची मेंढरं कान टवकारायची. गावातली बाया-माणसं हातातलं काम तसंच टाकून किल्ल्याकडे धावायची. तो आवाज माझ्यामुळे बाहेर पडतो या गर्वाने मी वर्षभर ताठ असायची.

शेवटचा राखणदार ज्ञानू. चार मेंढ्या, एक बायको, एक मुलगी आणि देवडीचा उंबरा एवढाच त्याचा संसार. मुलीचं नाव केरा. ज्ञानू दादाला मांडीवर घेऊन थापटायला लागला की ही समोर फतकल मारून बसायची आणि आपली चिंध्यांची बाहुली तशीच पालथी घेऊन थापटायची.

"आबा, तुजं बाळ रडतंय व्हय?"

"रडतंय की. थापटल्याबिगर व्हट उगडत न्हाय बघ त्येचं."

तिला वाटायचं, बाप आपल्याशी खेळतोय. ज्ञानूनेही तो समज मोडला नाही. अजून लहान आहे, मोठी झाली की सांगू, असं त्याला वाटलं असेल. मोठ्या माणसांना नेहमी असंच वाटतं.

केरा अकरा-बारा वर्षांची असताना किल्ला सरकारजमा झाला. एक अधिकारी जीपगाडीतून आला. त्याने ज्ञानूला बोलावून सांगितलं, "आतलं सगळं नीट ठेव, कुलूप लाव. वरून हुकूम येईल, गोल शिक्क्याचा. तोवर हे दार उघडायचं नाही. किल्ली तुझ्याकडे." त्या संध्याकाळी ज्ञानू घोंगडी खांद्यावर टाकून कोठडीत शिरला आणि उघड्या खांद्याने बाहेर आला. दादाला लावलं, मला कनवटीला खोचलं. अधिकाऱ्याची पुढच्याच महिन्यात बदली झाली. हुकूम आला नाही.

दसरा मात्र आला. गाव देवडीपुढे जमलं. नगारा वाजवायचा मान ज्या घरात होता त्या घरचा संगप्पा तेव्हा मिसरूड फुटलेला पोरगा होता. टिपऱ्या हातात घेऊन उभा.

"ज्ञानूमामा, काढा नगारा."

"हुकूम न्हाय, बाबा."

"नगारा आमचा, दसरा आमचा, आन् हुकूम कुणाचा?"

"म्या सबूद दिलाय. हुकूम यील तवा उगडीन."

पुढच्या वर्षीही तेच. त्याच्या पुढच्या वर्षी कुणीतरी म्हणालं, आत नगारा असेल तर हा दाखवत का नाही? त्यानंतरच्या वर्षी सगळेच म्हणाले: ज्ञानूने नगारा मोडीत घातला. दार उघडून दाखवायला त्याला किती वेळ लागला असता? तीन थापा आणि एक वेढा! मी त्याच्या कनवटीला होते, मित्रांनो. माझ्यावर त्याचा हात किती वेळा आला आणि किती वेळा मागे फिरला, ते मला माहीत आहे. पण शब्द म्हणजे शब्द. चोर म्हणवून घेतलं, पण दार उघडलं नाही. थंडीत तो गोणपाट पांघरून झोपायचा. केराने विचारलं, "आबा, घोंगडी कुटं गेली?" तर म्हणायचा, "हाय. चांगल्या जागी हाय."

मरताना त्याची वाचा गेली होती. त्याने केराला जवळ बोलावलं, मला तिच्या तळहातावर ठेवलं, मूठ मिटली, तो हात पालथा केला आणि वर तीनदा थोपटलं. केराला वाटलं, बाप आशीर्वाद देतोय. ती रडत रडत पाया पडली. मला ओरडून सांगावंसं वाटलं, "अगं, हा आशीर्वाद नाही, खूण आहे!" पण किल्लीला तोंड असतं कुठे? जे काही बोलायचं ते कुलपातच.

केरा लग्न होऊन गेली, पुढे पोट भरायला सोलापुरात आली. केराची केराबाई झाली. जुळे सोलापूरमधल्या फ्लॅटांतून बाळ-बाळंतिणींना मालिश करायची, तान्ह्या बाळांना पायांवर घेऊन न्हाऊ घालायची. तिचा हात असा की तीन दिवस न झोपलेलं बाळ तिच्या मांडीवर पालथं पडलं आणि पाठीवर तीन थापा बसल्या की डोळे मिटायचं. आणि बाळाच्या उशाखाली लोखंड ठेवायची रीत आहे ना, दृष्ट लागू नये म्हणून? कुणी अडकित्ता ठेवतं, कुणी चाकू. केराबाई म्हणायची, "धारंचं कशाला? ही घ्या. राखण करणाराची किल्ली हाय ही." सव्वा महिना झाला की मला परत घ्यायची आणि पुढच्या घरी न्यायची.

अशी मी चाळीसेक वर्षं उशांखाली काढली. किती बाळांचे श्वास ऐकले! सुखाचे दिवस होते, खोटं कशाला बोलू? पण मुलांनो, कुलपाशिवाय किल्ली म्हणजे नुसता लोखंडाचा तुकडा. बाळ झोपलं की मी दादाला आठवायची. माळावर, अंधाऱ्या उंबऱ्याशी, एकटा. पोटात गुंडू घेऊन.

गेल्या वर्षी मी पूनमच्या घरी होते. पूनमला मुलगी झाली होती, सिद्धेश्वरी. एवढ्याशा जिवाला एवढं मोठं नाव, म्हणून सगळे सिद्धी म्हणत. सिद्धी तीन महिन्यांची झाली तरी पूनमने मला परत दिलं नव्हतं. "राहू दे ना मावशी, हिच्याजवळ ती असली की मला जरा डोळा लागतो," म्हणायची.

एका सकाळी केराबाई न्हाणीघरात पाय पसरून बसली होती, सिद्धी तिच्या पायांवर. पूनम दाराशी वर्तमानपत्र वाचत होती. पान उलटता उलटता म्हणाली, "मावशी, तुमच्या गावचा किल्ला आलाय पेपरात. तिथे संग्रहालय झालंय म्हणे. आणि एक बंद कोठडी आहे, तिची किल्ली हरवलीय, म्हणून रविवारी सगळ्यांसमोर कुलूप कापणार आहेत."

केराबाईच्या हातातला तांब्या तसाच राहिला. पाणी निवलं. सिद्धीने ओठ काढला.

"कापनार?" केराबाई म्हणाली. "आन् किल्ली हरवली म्हनून कुणी सांगितलं?"

"म्हणजे?"

"तुज्या लेकीच्या उशाखाली काय हाय मग?"

पूनमने पेपर खाली ठेवला. त्या दिवशी बाळाची धुरी झाली नाही. केराबाईने सगळं सांगितलं, ज्ञानूचं, संगप्पाचं, नगाऱ्याचं. शेवटी म्हणाली, "कापून बघितलं तर लोक म्हनतील, चोराचं कुलूप, कापावंच लागलं. म्हाज्या बापाच्या किल्लीनं ते उगडाया पायजे, पोरी. एवढंच पायजे. मग आत काय का निगंना."

"निघेल ना नगारा?" पूनमने हळूच विचारलं.

केराबाईने बाळाचं अंग टिपलं. मग म्हणाली, "म्या आत वाकून बघितलं न्हवतं गं."

रविवारी आम्ही निघालो. तान्ह्या बाळाला घेऊन बाहेर पडायचं म्हणजे लहानशी स्वारीच असते. दुपटी, टोपडी, गरम पाण्याचा थर्मास, खुळखुळा, आणि विसरलेलं टोपडं आणायला पुन्हा तीन जिने. रिक्षा, मग एसटी, मग सांगोल्याहून माणसं कोंबून नेणारी वडापची जीप. मी केराबाईच्या कमरेच्या पिशवीत होते. माळाचा वारा लागला, मेंढरांचा वास आला आणि माझं तेलकट लोखंड शहारलं.

देवडीत आता तिकिटाची खिडकी होती. तिथली मुलगी म्हणाली, "आजी, पिशवी बाहेर ठेवा. लोखंडी वस्तू आत नेता येत नाही."

"अगं बाय, ही हितलीच हाय. आत न्यायची न्हाय, परत आनून द्यायची हाय."

मुलीला काही कळलं नाही, पण रडक्या बाळापुढे कुठल्याही खिडकीचं काही चालत नाही. आम्ही आत गेलो.

काय सांगू, मित्रांनो! जिथे वटवाघळं लटकायची तिथे दिवे लागले होते. तलवारी, ढाली, मोडी लिपीतले कागद काचेआड कसे शहाण्या मुलांसारखे बसले होते. देवडीच्या कोपऱ्यात पहारेकऱ्याचा पुतळा उभा केला होता, भाला घेतलेला, कल्लेदार मिशांचा. केराबाई त्याच्यापुढे थांबली आणि फिसकन हसली.

"ह्यो कोन?"

"राखणदार आहे मावशी. तुमचे वडील असतील असे?"

"म्हाज्या बापाला मिशी न्हवती. आन् राखनदार असा हुबा ऱ्हात न्हाय गं. हुबं ऱ्हानारा दमतो आन् जातो. राखनदार उंबऱ्यावर बसतो."

पुढे एक रिकामा चौथरा होता. त्याच्यावर पाटी. केराबाईला वाचता येत नव्हतं. ती म्हणाली, "काय लिवलंय?"

पूनम वाचू लागली. "किल्ल्याचा तांब्याचा नगारा. दसऱ्याला वाजवला जाई. सध्या उपलब्ध नाही." आणि थांबली.

"वाच की."

"झालं मावशी. एवढंच आहे."

केराबाईने पाटीवर बोट ठेवलं. "वळी चार दिसत्यात. तू तीनच वाचल्यास."

पूनमने सिद्धीचं टोपडं उगाच सारखं केलं. मग खाली मान घालून चौथी ओळ वाचली. "राखणदाराने तो मोडीत विकला, असे गावकरी सांगतात."

केराबाईने पिशवीवरून मला चाचपलं. तिच्या बापाचा हात जसा यायचा, अगदी तसा तिचा हात माझ्यावर आला. पण मागे फिरला नाही.

कोठडीपुढे गर्दी होती. संग्रहालयाचे अधिकारी बापूसाहेब घाम पुसत उभे होते. गुरुशांत नावाचा फॅब्रिकेशनवाला कटरची वायर सोडत होता. आणि एका बाकावर काठी टेकवून, पांढऱ्या मिशांचा, संगप्पा बसला होता. त्याने केराबाईला ओळखलं.

"आली का ज्ञानूची लेक? काय बघाय आलीस? आत उंदरंबी न्हाईत. तुज्या बापानं कवाच मोडीत घातलंय समदं."

"बघू की, संगप्पाण्णा. दार उगडलं की बघू."

"पन्नास वर्सं माज्या टिपऱ्या आड्याला टांगून हायत, केरा. पन्नास वर्सं!" संगप्पाचा आवाज चिरकला. तेव्हा मला कळलं, हा माणूस नुसता रागावलेला नाही. याचंही काहीतरी त्या दाराआड अडकलं आहे.

केराबाई बापूसाहेबांपुढे गेली. पिशवीतून मला काढलं.

"ही किल्ली," ती म्हणाली.

बापूसाहेब उडालेच. "कुठे मिळाली? आम्ही सगळं रेकॉर्ड शोधलं! द्या, द्या इकडे."

"बाळाच्या उशाखाली हुती," केराबाई म्हणाली आणि तिने हात मागे घेतला. "हुकूम हाय का?"

"काय?"

"वरून आलेला हुकूम. गोल शिक्क्याचा. त्यो असल्याबिगर द्यायची न्हाय, असं म्हाजा बाप सांगून गेलाय."

कुणीतरी हसलं. बापूसाहेब मात्र हसले नाहीत. भला माणूस होता. त्यांनी फाइल उघडून पत्र काढलं आणि तिच्यापुढे धरलं. केराबाईने ते पूनमला दिलं. "शिक्का गोल हाय का बघ."

"गोल आहे, मावशी. निळा."

"मग घ्या," केराबाई म्हणाली. दोन्ही हातांवर ठेवून तिने मला पुढे केलं. मित्रांनो, त्या क्षणी ज्ञानूचा पहारा संपला.

निदान मला तसं वाटलं. बापूसाहेब वाकले. मी दादाच्या पोटात शिरले. इतक्या वर्षांनी! दादाचं अंग गार होतं. "आलीस?" असं तो म्हणाल्याचा मला भास झाला. बापूसाहेबांनी मला फिरवलं. पाव वेढा गेला आणि खट्. मी गुंडूला जाऊन धडकले. त्यांनी पुन्हा फिरवलं. पुन्हा खट्. गुरुशांतने जोर लावून बघितला. माझी मान मोडते की काय, असं झालं.

"अव्वा, ही ह्या कुलपाची न्हाई बघा," गुरुशांत म्हणाला. "दुसरी कुठली तरी हाय. गंज पण न्हाई अंगाला, तेलकट हाय."

"बाळाच्या उशाखालची हाय म्हनं!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. संगप्पा काठी आपटून म्हणाला, "नगारा बी खोटा, किल्ली बी खोटी!"

केराबाईचं तोंड पांढरं पडलं. ती कोठडीच्या उंबऱ्याशेजारी मटकन खाली बसली. बापूसाहेबांनी मला तिच्या ओटीत परत ठेवलं, हळू आवाजात म्हणाले, "माफ करा आजी. पाहुणे खोळंबलेत," आणि गुरुशांतला मानेने खूण केली.

कटर सुरू झाला. केवढा तो आवाज! ठिणग्या उडाल्या. दादाच्या कडीला पातं लागलं आणि त्याच आवाजाने सिद्धी दचकून किंचाळली. सगळं अंग आवळून, निळी पडेपर्यंत रडू लागली. पूनम तिला घेऊन फिरली, छातीशी धरलं, खुळखुळा वाजवला. छे! शेवटी तिने सवयीने तेच केलं, जे तीन महिने करत आली होती. बाळ केराबाईच्या मांडीवर दिलं.

केराबाईचं मन कुठेतरी लांब गेलं होतं. पण हात जाग्यावर होते. हातांनी सिद्धीला पालथं घेतलं. पाठीवर एक थाप. दुसरी थाप. तिसरी...

तिसरी थाप मारता मारता तिचा हात हवेतच राहिला. ती उंबऱ्यावर बसली होती. मांडीवर पालथं बाळ होतं. समोर दादा. आणि ओटीत मी. मला वाटलं, माझं लोखंड आता वितळेल. आठव, केरा. आठव!

"थांबा!" केराबाई ओरडली. अशी ओरडली की कटर आपोआप बंद झाला. "सरा बाजूला! त्ये असं उगडत न्हाय. त्येला थापटावं लागतं!"

"काय करावं लागतं?" बापूसाहेब म्हणाले.

"थापटल्याबिगर व्हट उगडत न्हाय त्येचं. म्हाजा बाप खेळत न्हवता, सायेब. म्हाजा बाप मला शिकवीत हुता!"

तिने सिद्धीला पूनमकडे दिलं. दादाला साखळीसकट ओढून मांडीवर पालथं घेतलं, तापलेल्या कडीचा चटका बसला तरी सोडलं नाही. पाठीवर एक थाप. दोन. तीन. आत गुंडू घरंगळला. तो आवाज त्या गर्दीत कुणालाच ऐकू आला नाही. मला आला. मग तिने मला आत घातलं आणि फिरवलं. मी पाव वेढा फिरले, अर्धा फिरले, पुरा फिरले. खटाक्!

दादाने कडी सोडली.

मग जो गलका उठला! बापूसाहेबांनी चक्क टाळ्या वाजवल्या. गुरुशांत कटर खाली ठेवून म्हणाला, "अव्वा, पाया पडतो तुमच्या. पन्नास कुलपं कापली असतील, थापटून उघडलेलं एक न्हाई बघितलं!"

दार ढकललं. आत अंधार आणि जुन्या लोकरीचा, वाळक्या कडुनिंबाचा वास. बापूसाहेबांनी बॅटरी मारली. मधोमध काहीतरी मोठं गोल, काळ्या घोंगडीने झाकलेलं. घोंगडी कसरीने जागोजागी खाल्ली होती, पण काठाचा पांढरा पट्टा शाबूत होता. केराबाईने तो पट्टा दोन बोटांत धरला.

"आबाची घोंगडी," ती म्हणाली. "म्हनायचा, चांगल्या जागी हाय."

तिने ती अलगद उचलली, झोपलेल्या बाळावरचं दुपटं उचलावं तशी. खाली नगारा होता. कातडं तडकलं होतं, पण तांबं असं लखलखलं की बॅटरीची गरज उरली नाही.

गर्दी बाजूला सारत संगप्पा आला. काठी त्याने दाराशीच टाकली होती. नगाऱ्यापुढे उभा राहिला. कातड्यावर वाजवता येणार नव्हतं, म्हणून त्याने वाकून तांब्यावर बोटाचं पेर मारलं. घणाण्ण! तो आवाज कोठडीतून देवडीत गेला, देवडीतून माळावर. बाहेर एका मेंढपाळाची मेंढरं चरत होती. त्यांनी कान टवकारले असणार, मी पैजेवर सांगते.

संगप्पा वळला. केराबाईपुढे त्याने पागोटं काढून हातात घेतलं. "केरा, पन्नास वर्सं म्या तुज्या बापाला चोर म्हनलं गं. आता कुनाला तोंड दाखवू?"

"दसऱ्याला दाकवा की," केराबाई डोळे पुसत म्हणाली. "टिपऱ्या तेवढ्या आड्यावरनं काडा."

गेल्या दसऱ्याला नवं कातडं चढलं आणि नगारा वाजला. संगप्पाने असा वाजवला की सांगोल्यापर्यंत ऐकू गेला, असं तो स्वतः सांगतो. त्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, केराबाईने दादाला आणि मला तेल लावून न्हाऊ घातलं. दादाच्या कडीवर कटरचा नखभर चरा आहे, तिथे ती थोडं जास्त तेल लावते. पुतळ्याची मिशी काढली आहे, आणि तो आता उंबऱ्यावर बसला आहे.

चौथऱ्यावर नवी पाटी आली. केराबाईने पूनमला ती वाचायला लावली.

"वळी किती हायत?"

"दोनच, मावशी."

"मग दोनी वाच."

पूनमने मोठ्याने वाचलं. "किल्ल्याचा नगारा. देवडीचे राखणदार ज्ञानू यांनी तो हुकूम येईपर्यंत राखला."

"पुन्यांदा वाच," केराबाई म्हणाली. पूनमने पुन्हा वाचलं. कडेवरची सिद्धी काचेवर दोन्ही तळवे आपटत होती. काचेआड दादा आणि मी शेजारी शेजारी होतो.

तर मित्रांनो, किल्ला बघायला जाल तेव्हा दगडांवर आपली नावं कोरू नका. ज्यांची नावं लिहायची राहून गेली, अशी माणसं तिथे आधीच फार आहेत. त्यांची चौकशी करा. आणि तुमच्या घरी एखाद्या फडताळात कुणाची तरी जुनी किल्ली पडली असेल, तर ती भंगारात देऊ नका. घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाच्या हातात द्या आणि विचारा, ही कशाची? त्यांना लगेच आठवणार नाही. पण त्यांच्या हातांना आठवेल. तोवर तुम्ही कटर तेवढा खाली ठेवा.